अनसे, मास्तर सरपंच झालेच नव्हते

अनसे, तुझ्या तेराव्याचा भात कच्चा राहिला होता. आधी हे सांगून टाकते, कारण हे तुला दुसरं कुणी सांगणार नाही. सगळे आपले म्हणत होते, कार्य छान झालं, छान झालं. काय छान झालं? वरून चिकट आणि आतून कडक. पंचवीस वर्षं तू गडावर जाणाऱ्या पोरांना जेवायला घातलंस, मुंबईची माणसं तुझा भात खाऊन जाताना तांदूळ मागायची, आणि तुझ्याच नावानं असला भात. आचारी नसरापूरहून आणला होता. मी म्हटलं, "का, पालीतल्या बायका मेल्या व्हत्या का?" आणि मग जीभ चावली. एक मेलीच होती की.

मी तुझी कोण, हे मला तू गेल्यावर कळलं. कुणी नाही. आपण दोघी एकाच वर्षी लग्न होऊन पालीत आलो. मी माघात, तू वैशाखात, म्हणून मी थोरली असं मी म्हणायची आणि ते तू मरेपर्यंत कबूल केलं नाहीस. शेहेचाळीस वर्षं आपल्या परसांना एकच कुंपण, तेही मोडकं, कारण रोज त्यातून येऊन-जाऊन आपणच मोडलेलं. पण तू वरच्या आळीच्या भावकीतली, मी खालच्या. तुझ्या भावकीला दहा दिवस सुतक. तो तुझा ठाण्याचा चुलत दीर, अकरा वर्षांत ज्यानं तुला तोंड दाखवलं नाही, त्यानं तिकडंच डोकं भादरून घेतलं आणि मोबाईलवर फोटो पाठवला. त्याला सुतक. मला नाही.

तिसऱ्या दिवशी मालन दारात हजर. मालन म्हणजे माझ्या पलीकडच्या घरातली, आपल्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. तुला काय सांगायचं, पण वाचणाऱ्याला सांगावं लागतं. म्हणाली, "सुमावैनी, माझ्या भाच्याची वास्तुशांत हाय सारोळ्याला. तुमाला सुतक न्हाई ना? मग चला की. गाडीत एक जागा हाय."

सुतक नाही म्हटल्यावर नाही कशाच्या जोरावर म्हणायचं? गेले. पंगतीत बसले. पुरणपोळी आली, वर तुपाची धार आली. यजमानीण म्हणते, "घ्या की, लाजू नका." लाजत नव्हते गं, घासच गिळवत नव्हता. मी म्हटलं, "आमच्या शेजारची बाई वारली परवा."

"अरेरे. नात्यातली व्हती का?"

"न्हाई."

"मग खावा की!"

खाल्ली. दोन खाल्ल्या. तुला खोटं कशाला सांगू. पण परत येताना गाडीत मालनच्या खांद्यावर डोकं ठेवून डोळे मिटून घेतले, आणि ती ड्रायव्हरला म्हणाली, "हळू चालव रं, वैनीला गाडी लागतीया."

तर हे असं. पण मला तुला सांगायचंय ते हे नाही. मला एक कबुली द्यायचीय. दोन महिने मी तुझ्याशी खोटं बोलले, तोंडावर, रोज, दुपारी तीन ते चार. आणि खरं सांगायच्या आत तू निघून गेलीस.

ते पुस्तक.

पावसाळ्यात आलं ते. गडावरून भिजून आलेली पोरं तुझ्या पडवीत जेवली आणि जाताना एक पायमोजा, एक पाण्याची बाटली आणि ते पुस्तक विसरून गेली. पायमोजा तू धुऊन तवा उचलायला घेतलास. बाटली तुझ्या नवऱ्यानं, आप्पांनी, शेतावर नेली. पुस्तक तू चुलीच्या उबेला पापडासारखं वाळत घातलंस आणि म्हणालीस, "यील पोरगं न्यायला." कोण येतंय? पुठ्ठा गळून पडलेला, पहिली चार पानं एकमेकींना अशी चिकटलेली की सुरीनंही सुटेनात. म्हणजे ना पुस्तकाचं नाव, ना लिहिणाऱ्याचं. तू म्हणालीस, "नाव न्हाई, मग शिव्या कुनाला घालायच्या?"

वाचायचं कुणी, तर मी. तुझी सून सीमा बारावी झालेली, पण ती वाचायला लागली की बातम्या दिल्यासारखी वाचते. माझी शाळा दुसरी. पुढचं शिक्षण खताच्या गोण्यांवर, एस्टीच्या पाट्यांवर आणि किराणा बांधून आलेल्या कागदांवर. मी वाचते ते शब्दाखाली बोट धरून, अडखळत, जोडाक्षर आलं की थांबून. तू म्हणालीस, "सुमीच बरी. एक वाक्य व्हईस्तवर माझी एक भाकरी थापून व्हती."

तुझ्या मागच्या खोलीत आपण बसायचो. तू, मी, सीमा आणि बोलावलेलं नसताना मालन. शनिवार-रविवारच्या पोरांसाठी भाकरी चालू असायच्या, नाहीतर पावटे सोलायचं काम. आणि ते पुस्तक तरी कसलं! कोकणातल्या एका खाडीकाठचं गाव. गोविंदा नावाचा तरीवाला, माणसं होडीतून इकडची तिकडं नेणारा. आपलं पुस्तक पाचव्या पानावर सुरू झालं तेव्हा होडी परत आलेली आणि गोविंदा आलेला नाही. बस. पुढं काहीच घडत नाही. नुसतं तो गेल्यावर गावातलं एकेक माणूस कसं जगतं ते. पिठाच्या गिरणीवाला, रोज होडी सुटायची त्या वेळेला गिरणी थोडा वेळ बंद ठेवतो, कुणाला कारण सांगत नाही. गोविंदाचा भाऊ होडीला डांबर लावत बसतो, पण पाण्यात घालत नाही. आणि बायको, जानकी, रडतच नाही. दर बाजाराच्या दिवशी नवऱ्याचा सदरा धुते, वाळवते, घडी करून ठेवते.

दुसऱ्या आठवड्याला मालन वैतागली. "ह्यात मारामारी कवा येनार?"

"गप," तू म्हणालीस. "त्यांच्यातला मानूस गेलाय. मारामारी कुनाला सुचतीया?"

त्या जानकीवरून आपलं जे भांडण लागलं ते लागलंच. मी म्हणायची, "दगड हाय बाई ती. नवरा गेला आन डोळ्याला पानी न्हाई."

"रडली म्हंजेच माया का? मालन कोंबडी मेली तरी रडती."

"ती कोंबडी अंड्यावर व्हती!" मालन म्हणाली.

आणि मग मास्तर आले. रिटायर झालेले, गोविंदाला पहिलीत शिकवलेले. रोज संध्याकाळी जानकीच्या पडवीत येऊन बसतात. ती कोरा चहा देते. ते पितात. बोलत नाहीत. उठून जातात. शंभर पानं झाली तरी गडी एक शब्द बोलला नाही. अनसे, तू त्या माणसावर जी भाळलीस! भाकरी तव्यावर टाकून म्हणायचीस, "असा मानूस पायजे. येतो, बसतो, बोलत न्हाई." बाहेर पडवीत आप्पा पुण्याच्या कुण्या माणसाला फोनवरून पालीचा रस्ता सांगत होते. अर्धा तास. तो माणूस तेवढ्यात नसरापूरला पोचला असता.

दिवाळी झाली आणि तुझं दुखणं निघालं. छातीत कळ आली, टेम्पोतून नसरापूर, तिथून पुणे, आठ दिवस दवाखाना. परत आलीस ती निम्मी होऊन आलीस. मागच्या खोलीत खाट टाकली. डॉक्टरांनी सीमाला बजावलं होतं की पेशंटला धक्का बसेल असं काही बोलू नका. सीमानं ते सगळ्या आळीला बजावलं. आपण साधी माणसं, आपल्याला धक्का कुठल्या मापाचा ते काय कळतंय? तुझी तांबडी गाय दूध कमी द्यायला लागली, ते चार दिवस लपवलं. मालन आपल्या घरचं दूध तुझ्या चरवीत ओतायची. गावात कुणाचं काही वाईट झालं तर तुझ्या दारावरून माणसं तोंडाला पदर लावून जायची, आणि तू आतून ओरडायचीस, "कोन मेलं गं?" "कुनी न्हाई!" चार तोंडं एकदम.

त्याच आठवड्यात मी एकशे अठ्ठेचाळिसाव्या पानावर आले.

बोट शब्दाखाली होतं. "जानकी बाहेर आली. मास्तरांचा चहा तसाच होता. मास्तर भिंतीला टेकून बसले होते, आणि..." आणि बोट थांबलं. पुढचे शब्द दिसत होते. मास्तर गेले होते, अनसे. बसल्या जागी, एक शब्द न बोलता, जसे आले होते तसे.

तू खाटेवरून म्हणालीस, "काय गं? थांबलीस का?"

"अक्षर पुसट हाय."

"मग?"

मी तुझ्याकडं बघितलं. तुझ्या हातावर सलाईनचा निळा डाग अजून होता. आणि माझ्या तोंडातून निघालं, "मास्तरांनी डोळं उघडलं. चहा पिले. म्हनले, साखर कमी हाय. आन उठून घरी गेले."

"म्हनले? बोलले?"

कपाळ माझं! शंभर पानं गप्प बसलेला माणूस, त्याला मी मेल्यावर बोलायला लावलं, आणि बोलायला लावलं ते साखरेवरून.

मला वाटलं, झालं, निभावलं. पण मास्तर एका वाक्यात मेले तरी पुस्तक त्यांना वीस पानं सोडत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बसले. माझं वाचणं कसं, एकेक शब्द. पुढं काय आहे ते तोंडातून गेल्यावर मला कळतं. "चार माणसांनी मास्तरांना खांद्यावर घेतलं. गुलाल उधळला..." एवढं मोठ्यानं वाचून झालं आणि मग माझ्या ध्यानात आलं मी काय वाचलं.

"खांद्यावर?" तू उठून बसलीस. "का?"

मी घाईनं पान उलटलं. "निवडून आले."

"कशात?"

"सरपंच झाले."

सीमानं गॅसकडं तोंड फिरवलं, तिला खोकला आला. तू माझ्याकडं बघत होतीस, अगदी शांत.

"बिनविरोध?"

"बिनविरोध."

"मग बरं," म्हणालीस आणि आडवी झालीस.

तिथून जे सुरू झालं ते मी कुणाला सांगू! पुस्तकात गाव मास्तरांसाठी झुरतंय, गिरणीवाला गिरणी दोनदा बंद ठेवायला लागलाय, आणि मी हिकडं मास्तरांचा कारभार चालवतेय. रात्री अंथरुणात पडून दुसऱ्या दिवशीचं ठरवायची. तू तर काही विचारायचं सोडलं नाहीस.

"गावाला पानी आनलं का त्यांनी?"

"आनलं."

"नळाचं का हापशाचं?"

"नळाचं."

"आन एस्टी?"

"दोन टाइम सुरू केली."

मालननं हात जोडले. "असा सरपंच आपल्याला मिळंना. पाच वर्सं नुसतं आश्वासन." तिचं आपलं सगळं खरं. तिनं मास्तरांकडं तिच्या वळचणीच्या पाण्याची तक्रारसुद्धा मांडली असती, कोकणात असते म्हणून बरं.

आणि मग एक दिवस तू म्हणालीस, "आता मास्तराचं आन जानकीचं लगीन लाव."

"लाव म्हंजे? म्या लिवलंय का पुस्तक?"

"बघ की फुडच्या पानावर. असंल."

"ह्या वयात? लोक काय म्हंतील?"

"लोकांनी कवा तिच्याबरूबर बसून चहा पिला? त्यो बसला."

"म्हनून लगीन? सदरा धुती ती अजून नवऱ्याचा!"

"धुवू दे की. दोन सदरं धुईल."

मी चिडले, अनसे. का एवढी चिडले ते मलाही कळलं नाही. मी म्हटलं, तुला नवरा आहे, तो अजून बाहेर बसून बडबडतोय, तुला काय कळणार एकटीचं? तर तू काय म्हणालीस? "मला न्हाई कळत. पन तुला बावीस वर्सं कळतंय ना, एकल्यानं ताटावर बसायचं कसं असतं ते? मग तू का आडवी येतीस गं तिला?"

मी पुस्तक तिथंच टाकून कुंपणातून घरी आले. दोन दिवस आले नाही. तिसऱ्या दिवशी तुझा निरोप घेऊन सीमा आली, "काकी, आत्याबाई म्हनत्यात, मास्तर वाट बघत्यात."

आले. पण मीही काही कमी नाही. मास्तरांच्या तोंडी घातलं, "मी विचार करून सांगतो." तू हसलीस. म्हणालीस, "सरपंच शोभतोय."

तो गुरुवार. रविवारी तू गेलीस.

पडवीत पोरं जेवत होती, बारा-पंधरा जणं. तू खाटेवरूनच सीमाला सांगत होतीस, पिठल्यात लसूण वाढव, ती चष्मेवाली पोरगी भाकरी मागायला लाजतीया, तिला वाढ. मी पलीकडून तुझा आवाज ऐकत होते. मग ऐकू यायचा थांबला. मी कुंपणातून आले तेव्हा सीमा तुझा हात धरून बसली होती. बाहेर पोरांना कळलं तेव्हा ती एकेक करून उठली, आपापली ताटं घासून पालथी घातली आणि उन्हात रांगेत उभी राहिली. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर तिघे बसलेले, खाली बघतायत, येत नाहीत. मग सुरू झालं. तुझा लेक म्हणाला, आये, न्हाणीघर बांधतो. नाही आला. लेक म्हणाला, तांबडी गाय विकत नाही. नाही आला. आप्पा पुढं झाले आणि त्यांनी जे बोलायला सुरुवात केली, लग्नापासून! कोण चुकलं, कुणी कुणाला काय म्हटलं, पहिली म्हैस कुठल्या बाजारातून आणली. तिसरा कावळा उडूनच गेला. मी मागं उभी. भावकीच्या मागं, पाव्हण्यांच्या मागं, एका बाभळीपाशी. तुझं काय राहिलंय ते त्या सगळ्या गर्दीत मला एकटीला ठाऊक होतं. अडतीस पानं राहिली होती. पण मी कोण पुढं होणार? मी तिथूनच मनात म्हटलं, अनसे, वाचते. शेवटपर्यंत वाचते, आणि जसं लिहिलंय तसं वाचते.

कावळा आला. मी म्हणते माझ्या बोलण्यानं आला. लेक म्हणतो न्हाणीघरानं. मालन म्हणते, आप्पा गप्प बसले म्हणून आला.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी पुस्तक घेऊन तुझ्या मागच्या खोलीत गेले. खाट उचलली होती. सीमा होती, मालन होती. मालन पदर खोचून बसली. "वाचा वैनी. लगनाचं काय म्हनले मास्तर?"

मी पुस्तक मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, "मालन, मास्तर वारले."

"अगं बाई! कवा?"

"एकशे अठ्ठेचाळिसाव्या पानावर."

तिनं बोटांवर हिशेब केला. "म्हंजे... सरपंच व्हायच्या आधी?"

"सरपंच झालेच न्हाईत. ते म्या घातलं. अनसीला धक्का बसंल म्हनून."

मला वाटलं हसेल. मालन लालभडक झाली. "दोन महिनं मानूस मरून पडलाय आन आमाला निरोप न्हाई? आपल्या गावात अशी रीत हाय का? वैर असलं तरी मानूस मयताचा निरोप देतं!"

"अगं, पुस्तकातला मानूस त्यो!"

"म्हनून काय झालं? दोन टाइम एस्टी आनली त्यानं!"

आणि सीमा हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, पदर तोंडात कोंबून. मग म्हणाली, "काकी, आत्याबाईंना ठाव व्हतं."

"काय ठाव व्हतं?"

"सगळं. पयल्याच दिशी. तुमी घरी गेल्यावर मला म्हनल्या, सीमे, त्ये पान वाच. म्या वाचलं. त्या म्हनल्या, मला वाटलंच. सुमी खरं वाचती तवा अडखळती. आज गाडी घाटात बी थांबली न्हाई."

मी पुस्तक मिटलं.

"मग तिनं मला का न्हाई सांगितलं?"

"त्या म्हनल्या, सुमीला बोलू नको. तिला मास्तर जिता पायजे हाय. जगू दे."

ऐकलंस? मला! मला पाहिजे होता म्हणे! तुझ्यासाठी मी रात्र रात्र जागून गावाला नळ आणले, आणि तू खाटेवर पडून मला खेळवत होतीस? बिनविरोध काय, हापशाचं का नळाचं काय! तुझ्या छातीत दुखत होतं का हसून हसून दुखत होतं, हे आता कोण सांगणार? अनसे, समोर असतीस तर पाठीत धपाटा घातला असता. आणि ते लग्नाचं? तेही ठाऊक असून म्हणत होतीस. मेलेल्या माणसाचं लग्न लावायला निघालीस आणि मी दोन दिवस रुसून बसले. मग तू ते कुणासाठी म्हणत होतीस, ते मी समजून आहे. उत्तर देत नाही. ते भांडण मी मिटवणार नाही.

सीमा म्हणाली, "वाचा काकी. खरं वाचा."

मी एकशे अठ्ठेचाळीसपासून पुन्हा सुरू केलं. जी वीस पानं मी नळ आणि एस्टीनं झाकली होती ती मीसुद्धा कधी धड वाचली नव्हती. बोट ठेवलं आणि अडखळत निघाले. मास्तर गेल्याचं कळल्यावर सगळं गाव त्यांच्या घरी गेलं. जानकी गेली नाही. ती दाराआड उभी राहून लोकांचे पाय जाताना बघत राहिली. पुस्तकात लिहिलंय, "मास्तर तिचे कोण? कोणी नाही. कोणी नसलेल्या माणसासाठी कोणत्या तोंडानं जायचं?" या दोन ओळी वाचायला मला किती वेळ लागला सांगू? जोडाक्षर एकही अवघड नव्हतं. मालननं माझ्या हातातून पुस्तक घेतलं, उलटं-सुलटं बघितलं, तिला तर एकही अक्षर येत नाही, आणि परत माझ्या हातात दिलं. "सावकाश," म्हणाली.

रोज दुपारी बसून पंधरा दिवसांत संपवलं. शेवट ऐक. सदरा ती नेहमीसारखी धुते. संध्याकाळी कोरा चहा करून पडवीत मास्तरांच्या जागेवर ठेवते आणि समोर बसते. लोक येता-जाता बघतात. आणि तिथं, सगळ्यांसमोर, ती रडते. नवऱ्यासाठी का मास्तरांसाठी ते लिहिलेलं नाही. गिरणीचा आवाज बंद होतो. संपलं पुस्तक. ती दगड नव्हती, हे तुझं खरं निघालं. एवढं कबूल.

मालन उठली, डोळे पुसले आणि पायात चपला घालून निघून गेली. मला वाटलं रागावली अजून.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गॅसवर कुकर चढवला होता, मूठभर तांदळाचा. मालन आली. दारातून सरळ स्वयंपाकघरात. गॅस बंद केला. कुकर खाली उतरवला.

"अगं, शिट्टी व्हायचीय."

"ऱ्हाऊ द्या."

मागून सीमा आली, फडक्यात भाकरी आणि पातेल्यात पिठलं घेऊन. त्यांनी पाट मांडला, ताट वाढलं. कडू घास होता तो. ज्या घरचं माणूस जातं त्या घरात अन्न शिजवायचं नसतं, शेजारणी घेऊन येतात आणि बसून खाऊ घालतात, तो. तुझ्या घरी मालननं नेला होता. मी नेला होता.

"कुनाचा हा?" मी विचारलं.

"मास्तरांचा," मालन म्हणाली. "दोन महिनं तुमी त्यांना सांबाळलं. तुमीच घरच्या. दुसरं हाय कोन त्यांना?"

मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, भाकरी मोडत होती. सीमा पातेल्याच्या काठावरनं बोट फिरवत होती. मालननं घास केला आणि माझ्या तोंडापुढं धरला, जशी रीत आहे तसा.

"खा," म्हणाली. पहिल्यांदाच मला अगं-तुगं केलं तिनं. "आता रड आन खा."

संध्याकाळपर्यंत दोघी माझ्याजवळ बसून राहिल्या. बोलल्या नाहीत फार. दिवे लागले तरी मी उठले नाही, कुणी उठवलंही नाही. त्या दिवशी माझ्या घरात चूल पेटली नाही, अनसे.